वस्ती एका बिलात उभी राहत नाही



गळीत हंगाम सरत आला, की आमच्या शेतकी खात्याकडे दरसाल एक विचारणा हमखास येते. आडसालीचं बिल खात्यावर जमा झालेलं असतं आणि सभासद म्हणतात, "यंदा वस्तीवर राहायला जायचा विचार आहे. घर, विहिरीचं खोलीकरण, दोन संकरित गाई, गोबरगॅस आणि कडेनं आंबा-नारळ, एवढं पावसाळ्याच्या आत उरकेल ना?"

बेत चांगलाच आहे. शेतावर राहणाऱ्या माणसाचं पिकाकडे जास्त लक्ष राहतं, हे आम्ही रोज पाहतो. मोठं मनावर घेण्यातही काही वावगं नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला कारखाना काढायचं मनावर घेतलं नसतं, तर आज आपणही सभासद झालो नसतो. पण १९५०-५१ च्या पहिल्या गळितापूर्वी गावोगाव हिंडून भाग गोळा करण्यात वर्षं गेली होती, हेही विसरून चालत नाही. आम्हाला काळजी वाटते ती 'पावसाळ्याच्या आत' या शब्दांची.

कारण सरळ आहे. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. म्हणजे मोठी रक्कम हातात पडते ती दीड वर्षातून एकदा, आणि तीही सोसायटीची वसुली वजा होऊन. त्या रकमेवर पाच कामं एकदम काढली की पाचही अर्धी राहतात. घर चौकटीपर्यंत येऊन थांबतं, गाई येतात पण गोठ्यावर पत्रे नसतात, आणि खोडव्याच्या खताला पैसा उरत नाही. मग उसनवारी सुरू होते आणि पुढच्या साली टनेज तिथंच बसतं.

तेव्हा आधी पाणी बघा. विहीर खोल केली, झरा लागला, म्हणून त्याच महिन्यात मोठी मोटर आणि दोन एकर जादा लागण करू नये. त्या विहिरीनं एक मे महिना काढलेला डोळ्यांनी पाहावा. हिशोब घरच्या घरी करता येतो. विहीर २० फूट व्यासाची गोल असेल, तर तिच्यातलं एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. संध्याकाळी मोटर बंद करताना दोरी सोडून पातळी मोजा, पहाटे पुन्हा मोजा. बारा तासांत चार फूट चढलं तर ३५ हजार लिटर आले. आता एक एकर उसाला पाटानं तीन इंचाची एक पाळी द्यायची, तर सुमारे तीन लाख लिटर लागतात! दिवसाचा पाझर जमेस धरला, तरी ही विहीर उन्हाळ्यात आठ-नऊ दिवसांच्या पाळीनं दोनच एकर ऊस जगवील. ठिबक असेल तर क्षेत्र वाढेल, पण किती ते मोजूनच ठरवा.

घराला आणि गोठ्याला तसं पाणी फार लागत नाही. दुभती संकरित गाय भर उन्हाळ्यात ७०-८० लिटर पिते, म्हणजे दहा गाई मिळून विहिरीचा एक इंच. विहीर आटते ती हौसेनं वाढवलेल्या त्या एकरामुळे, आणि टँकर मात्र घराच्या दारात बोलवावा लागतो. १९७२ चा दुष्काळ पाहिलेले कोणी घरात असतील, तर शिवारातली कोणती विहीर तेव्हा टिकली ते त्यांना जरूर विचारा.

पाण्यामागून वैरण, आणि मगच जनावर. पुष्कळ ठिकाणी उलटं होतं. गाय आधी येते आणि वैरण नंतर शोधली जाते. ४०० किलोच्या गाईला रोज २०-२५ किलो हिरवी आणि ५-६ किलो वाळली वैरण पाहिजे. तोडणी चालू असताना वाढे मिळतात, त्यामुळे तेव्हा काळजी वाटत नाही. पण वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम खेचून घेतं. नुसत्या वाढ्यांवर ठेवलेली गाय दुधाला कमी येते, वेळेवर गाभणही राहत नाही. वाढ्यांची कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून, दुसऱ्या वैरणीत मिसळून द्यावी. शिवाय हंगाम संपला की वाढेही संपले. गजराज गवताची पहिली कापणी लावणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी येते. म्हणून गवत उभं राहू द्या, मग एक गाय आणा. एकच. गोबरगॅसचंही तसंच. दोन घनमीटरच्या गॅसला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं झाली. दोन गाईंवर तो बांधला तर सकाळचा चहा होईल, भाकरीला चूल पेटवावीच लागेल.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलतो. बेत कट्ट्यावर बसून आखले जातात. पहाटेची धार, शेण, कुट्टी आणि पोरांच्या शाळेचा डबा हे घरच्या बाईच्या वाट्याला येतं. गाई किती घ्यायच्या ते तिला विचारा. तिनं एक म्हटलं तर एक.

कोंबड्यांचं विशेष नाही. दहा-पाच गावरान पहिल्या दिवसापासून ठेवल्या तरी चालतील, मुंगसाचा तेवढा बंदोबस्त करा.

घराची जागा ठरवण्यापूर्वी एक पावसाळा शेतात पाणी कुठं तुंबतं ते बघून ठेवावं. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरवरच्या पायावर भिंत घातली तर दोन वर्षांत तिला तडा जातो. पाया मुरूमापर्यंत न्यावा, त्यात खर्च जातो तो जाऊ द्यावा. वरचा मजला थांबला तरी चालेल. घरगुती विजेचा अर्ज मात्र आधीच करून ठेवा, मोटरीच्या जोडणीवरून घरात तार ओढायची नसते.

आता घाई करायचीच असेल तर ती झाडांची करा. घर सहा महिन्यांनी बांधलं म्हणून बिघडत नाही, आंबा मात्र एक वर्ष उशिरा लावला की एक वर्ष उशिरा खायला मिळतो. पहिल्याच पावसाळ्यात कलमं लावून टाका. १० बाय १० मीटरवर एकरी ४० झाडं बसतात. रान मोकळं दिसतं म्हणून मध्ये आणखी आंबा खुपसू नये. घन लागवड करायची तर दरसाल छाटणीची तयारी पाहिजे. मोकळ्या जागेत शेवगा, पपई लावा, वर्षाच्या आत घरात भाजी आणि फळ येतं. नारळ पाण्याच्या टाकीजवळ लावावा, त्याला सहा-सात वर्षं तरी द्यावी लागतात.

आणि कलमाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहोर येतो, तेव्हा सगळ्यांचा हात अडतो. पोरं म्हणतात, राहू द्या, दोन तरी आंबे लागतील. ते दोन आंबे झाडाची वाढ खातात. पहिली तीन वर्षं आलेला मोहोर खुडून टाकावा, कलमाच्या जोडाखाली येणारी खुंटाची फूटही दिसेल तशी काढावी. मे महिन्यात विहिरीची पातळी मोजली असेल, तर ते आकडे घेऊन आपल्या गट ऑफिसात या. जादा लागणीची नोंद देण्यापूर्वी आमचे कर्मचारी तुमच्यासोबत बसून हिशोब मांडून देतील.