डोकं म्हणजे खोकं नव्हे!

‘डोकं आहे की खोकं?’ लहानपणी हे ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. खरं उत्तर असं: खोक्यात ठेवलेली वस्तू तशीच राहते; डोक्यात ठेवलेली गळते, सरकते, कधी रंगही बदलते.

खिसा लहानच!
एका वेळी मनात किती गोष्टी मावतात? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सांगितलं: सात, फार तर दोन इकडे-तिकडे. पुढच्या संशोधकांनी हा आकडा चारच्या आसपास आणला. म्हणूनच दहा आकडी मोबाइल नंबर आपण तुकडे पाडून सांगतो.

हाताची वही वेगळी
अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या अवयवाचा, बराच भाग काढला गेला. त्यानंतर नवी ओळख त्याच्या लक्षातच राहीना. पण आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे पूर्वी केलंय, याचा मात्र त्याला पत्ताच नव्हता! पोहणं, सायकल चालवणं हे सगळं याच दुसऱ्या वहीत.

टॅक्सीवाल्यांचा मेंदू
परवान्यासाठी लंडनच्या टॅक्सीचालकांना सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचं २००० मध्ये एलिनॉर मॅग्वायर यांच्या संशोधनात दिसलं.

सुतारकाम आठवतं, सुतार नाही
‘ते सुतारकाम करतात’ म्हटलं की रंधा, करवत, भुसा सगळं डोळ्यांपुढे येतं. ‘त्यांचं आडनाव सुतार’ म्हटलं की काहीच येत नाही. आडनाव अडकवायला मनात खुंटीच नसते. लग्नात भेटलेल्यांची नावं विसरलात, तर स्वतःला दोष देऊ नका.

न फुटलेली काच
१९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी मोटार-अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारताना शब्द वापरला ‘आदळल्या’. दुसऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्यानंतर त्यांच्यातल्या जास्त जणांना फुटलेली काचही ‘आठवली’. फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच! प्रामाणिक साक्षीदारही चुकतो, तो असा.

आजोबांचा परवचा
जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं स्वतःच घोकून पाहिली. तासाभरात निम्म्याहून जास्त पाठांतर पुसलं जातं, हा त्यांचा १८८५ मधला निष्कर्ष. पण थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली की गळती मंदावते. दिवेलागणीला पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घेणारे आजोबा दुसरं काय करत होते? आणि नुसतं परत वाचलेल्यापेक्षा पुस्तक मिटून आठवलेलं जास्त टिकतं.

तर आता वर न बघता सांगा, मिलर यांचा आकडा किती होता?