बिनपावतीचे बियाणे : सौदा कोणाशी करता?



मृगाच्या तोंडावर मोझरीच्या बाजारात किंवा थेट आपल्या ओसरीवर एखादा ओळखीचा माणूस येतो. पिशवीतून पऱ्हाटीचे पाकीट काढतो अन् म्हणतो, “भाऊ, यावर तणनाशक मारा. तण जळते, पऱ्हाटीले काही होत नाही. फक्त पावती मागू नका.”

निंदणाला मजूर मिळत नाही, म्हणून मन होते. पण जरा थांबा!

आपल्या देशात बोंडअळीला दाद न देणाऱ्या बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला अजून मिळालेली नाही. ती मिळावी म्हणून जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने हे बियाणे सर्वांसमक्ष पेरले. ते आंदोलन उघड होते. चोरून पाकीट विकणाऱ्याचे तसे नसते. त्याला ना दुकान, ना परवाना, ना पत्ता.

पाकिटात साधीच सरकी निघाली तर? भरवशाने तणनाशक माराल, अन् आठ-दहा दिवसांत तणासोबत पऱ्हाटीही वाळेल. पेरणीची वेळ गेलेली, पैसा गेलेला. तक्रार कोणावर करणार? सदोष कापूस बियाण्याची भरपाई मागण्याची सोय राज्याच्या २००९ च्या कायद्यात आहे. पण खरेदीचा पुरावाच नसेल तर मागणे कशाच्या जोरावर?

म्हणून एवढे करा :

१. बियाणे परवाना असलेल्या कृषी केंद्रातूनच घ्या. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नका.

२. पक्की पावती घ्या. तिच्यावर वाण, लॉट नंबर, किंमत व तारीख पाहा.

३. पावती, रिकामी थैली, टॅग व चिमूटभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

४. उगवण कमी झाली तर शेत मोडण्याआधी तिवसा येथे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पंचनामा उभ्या पिकाचाच होतो.

तणासाठी शिफारशीचे उगवणपूर्व तणनाशक वापरा, डवऱ्याचे फेर वेळेवर द्या. पट्ट्यात मूग-उडीद घेतला तर तणाला जागाही कमी राहते.

पावती मागायला लाजू नका. अन् जो ती देत नाही, त्याच्या पाकिटावर वर्षाची कमाई लावू नका.