जुन्या स्पोर्ट्स मोटारीची धूरनळी

अंबरनाथजवळच्या मोरिवलीसारख्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास नळ्या वांकविणारे आणि वेल्डिंग करणारे कारागीर शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. त्यामुळें एखाद्या हौशी गृहस्थाच्या जुन्या स्पोर्ट्स मोटारीची धूरनळी गंजून फुटली, म्हणजे ती बदलून घेणें त्याला अवघड वाटत नाहीं. ‘नळी जरा मोठ्या व्यासाची घाला, आणि मधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढूनच टाका, गाडी मोकळी पळेल,’ असा सल्लाहि त्याला आयता मिळतो. हा सल्ला स्वस्त खरा. पण शहाणपणाचा आहे काय?

उदाहरणादाखल गोव्यांत तयार झालेली सॅन स्टॉर्म ही मोटार घ्यावी. गेल्या शतकाच्या अखेरीस सॅन मोटर्सनें बाजारांत आणलेली ही दोन आसनांची लहानशी गाडी. तिचें अंग फायबरग्लासचें असून इंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचें, सुमारें साडेअकराशें घन सेंटिमीटरचें आणि साठ अश्वशक्तीच्या आसपासचें आहे. अशा गाडीला कोणती धूरनळी शोभेल, हें ठरविण्यापूर्वीं त्या नळींतून काय जातें, हें पाहिलें पाहिजे.

पेट्रोल जळलें म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. एक लिटर पेट्रोलापासून जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होतें, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. परंतु ज्वलन कधींच परिपूर्ण नसतें. त्यामुळें धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु, न जळलेल्या पेट्रोलाचा अंश आणि नत्रवायूचीं ऑक्साइडें हीं तीन अनिष्ट द्रव्यें उरतात. कन्व्हर्टर या तिन्हींचा समाचार घेतो. वरून पाहतां तो पोलादी डबा दिसतो. पण आंत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीची वीट असते, आणि तिच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ लेप असतो. पहिले दोन धातु अर्धवट जळलेल्या वायूंचें ज्वलन पुरें करतात. तिसरा नत्रवायूच्या ऑक्साइडांतून प्राणवायु सोडवितो. हें सर्व करतांना धातु स्वतः खर्ची पडत नाहींत.

या कामाला दोन अटी आहेत. पहिली अट उष्णतेची. अडीचशें ते तीनशें अंश सेल्सियस तापमान गांठल्याखेरीज कन्व्हर्टर जागा होत नाहीं. म्हणून तो इंजिनापासून दूर, गाडीच्या शेपटाशीं नेऊन बसविणें चुकीचें ठरतें. दुसरी अट मिश्रणाची. एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा, हें प्रमाण सांभाळलें तरच तिन्ही द्रव्यांचा निकाल एकाच वेळीं लागतो. हें प्रमाण राखण्यासाठीं धूरनळींत प्राणवायु मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याच्या सूचनेवरून इंजिनाचा संगणक पेट्रोल कमीजास्त करतो.

निवडीचा पहिला प्रश्न येथेंच सुटतो. गाडी कार्बुरेटरची कीं इंजेक्शनची? जुन्या एम. जी. सारख्या कार्बुरेटरच्या गाडींत मिश्रण इतक्या काटेकोरपणें राखलें जात नाहीं. तिला आधुनिक तिहेरी कन्व्हर्टर नुसता जोडून पूर्ण फळ मिळत नाहीं, उलट पेट्रोल अधिक झाल्यास तो अतिशय तापतो. तिच्या बाबतींत कार्बुरेटर, ठिणगीची वेळ व प्लग नीट राखणें हाच खरा उपाय होय. स्टॉर्मसारख्या इंजेक्शनच्या गाडीला मात्र कन्व्हर्टर आणि सेन्सर यांची जोडी योग्य ठरते, आणि ती मोडूं नये.

दुसरा प्रश्न गाडीच्या नोंदणीचा. भारतांत १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठीं तेथें शिशाविरहित पेट्रोल मिळूं लागलें. कारण शिशाचा थर बसला कीं ते मौल्यवान धातु निकामी होतात. सर्व देशांतून शिशाचें पेट्रोल गेलें तें २००० सालीं. तेव्हां गाडी कोणत्या सालीं आणि कोठें प्रथम नोंदली गेली, हें पुस्तकांत पाहून मगच मूळचा साज काय होता, हें ठरवावें.

पी. यू. सी. तपासणींतील एक गोष्ट येथें ध्यानांत घ्यावी. भारत स्टेज दोनच्या पूर्वींच्या चारचाकी पेट्रोल गाडीला मंदगतींत तीन टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे. त्यानंतरच्या गाड्यांना अर्धा टक्का वा त्याहूनहि कमी. म्हणजे जुन्या गाडीचा कन्व्हर्टर काढला, तरी ती तपासणींत उत्तीर्ण होण्याचा संभव आहे. पण कागद मिळाला म्हणजे हवा शुद्ध राहिली असें नव्हे. शिवाय मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफारास मनाई करतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तेंच बजावलें आहे. हवेच्या व आवाजाच्या मर्यादा मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती निराळीच.

‘मोठी नळी म्हणजे मोठी शक्ति’ ही समजूतहि तपासून पाहण्याजोगी आहे. इंजिनांतून धूर सलग वाहत नाहीं, ठोक्याठोक्यानें सुटतो. नळी बेताची असली तर पुढच्या ठोक्याचा वेग मागच्यास ओढून नेतो. ती अवास्तव रुंद केली तर वेग मंदावतो, आणि रोजच्या वाहतुकींत जेथें जोर हवा तेथेंच तो घटतो. साठ अश्वशक्तीच्या इंजिनाला दीड ते पावणेदोन इंचांची नळी पुरते. धातूच्या पत्र्याची पोळी असलेले, कमी छिद्रांचे ‘स्पोर्ट’ कन्व्हर्टर मिळतात; ते लवकर तापतात व अडथळा कमी करतात, परंतु छिद्रें कमी म्हणजे शुद्धीकरणाचें क्षेत्रहि कमी. शर्यतीच्या मोठ्या इंजिनाला त्यांचा उपयोग असेल. लहान इंजिनाला मिळणारा लाभ अल्प आहे.

धातूची निवड हवामानावर ठरते. अंबरनाथहून बदलापूरपर्यंतच्या सात-आठ किलोमीटरांच्या फेरींत नळीचा मागचा भाग पुरता तापत नाहीं. आंतलें आम्लयुक्त पाणी तसेंच साचतें, आणि बाहेरून कोंकणचा पावसाळा आपलें काम करतो. साधें पोलाद अशा ठिकाणीं लवकर सडतें. स्टेनलेस पोलादाची नळी महाग, पण अखेरीस तीच स्वस्त पडते. फायबरग्लासच्या गाडीला आणखी एक पथ्य आहे: कन्व्हर्टर आणि अंग यांच्यामधला उष्णतारोधक पत्रा कधींहि वगळूं नये.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, नवा कन्व्हर्टर घेण्यापूर्वीं जुना कां बिघडला, हें शोधावें. प्लगची ठिणगी चुकली तर कच्चें पेट्रोल कन्व्हर्टरांत जाऊन जळतें आणि आंतली वीट वितळते. झिजलेल्या रिंगांतून तेल जळत असेल, तर त्याचा थर लेपावर बसतो. सेन्सरच्या आधीं नळीला बारीक भोंक असलें, तर बाहेरची हवा आंत शिरते. संगणकाला पेट्रोल कमी पडल्याचा भास होतो आणि तो तें वाढवितो. मूळ दोष तसाच ठेवून नवा डबा बसविणें म्हणजे गळक्या घागरींत पाणी भरणें होय. म्हणून आधीं इंजिन, मग गळती, मग सेन्सर, आणि शेवटीं कन्व्हर्टर, हाच क्रम असावा.

जुनी मोटार जतन करणें हा एक सुसंस्कृत छंद आहे. परंतु तिचा धूर मालकाच्या अंगणांत थांबत नाहीं. शेजारच्या खिडकींतून तो आंत जातो, आणि शाळेच्या वाटेवरील मुलांच्या छातींतहि उतरतो. कारखान्यांच्या छायेंत राहणाऱ्या वस्तीला त्या धुराची आणखी भर नको असते. धूरनळी निवडतांना आवाजाआधीं या श्वासांचा विचार झाला, तर गाडीहि अधिक वर्षें टिकेल आणि शेजारीहि तिच्याकडे कौतुकानें पाहतील.