थंडीच्या आश्रयाने : पिका आणि उंच पर्वतांतील जीवन

उंच पर्वतांत राहणाऱ्या सस्तन प्राण्यांना हिवाळा काढण्याचे मुख्यतः तीन मार्ग असतात. अंगात चरबी साठवून शीतनिद्रा घ्यावी, म्हणजे शरीराचे तापमान आणि हृदयाचे ठोके अतिशय खाली आणून महिनोन्‌महिने निपचित पडून राहावे, हा मार्मोटचा मार्ग. बर्फ पडू लागताच खालच्या दऱ्यांत उतरावे, हा अनेक खुरवाल्या प्राण्यांचा मार्ग. आणि आहे त्या जागी जागे राहूनच तग धरावा, हा तिसरा व सर्वांत कठीण मार्ग. शरीर जितके लहान तितका त्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने मोठा आणि उष्णतेचा ऱ्हासही अधिक. त्यामुळे हा तिसरा मार्ग लहान प्राण्याने पत्करावा, हे वरवर पाहता अतर्क्य वाटते. तरीही जेमतेम शे-दीडशे ग्रॅम वजनाचा पिका तोच मार्ग चालत आला आहे, आणि हे त्याला कसे साधते याचा शोध घेतला तर थंडी ही या प्राण्याची वैरीण नसून आधार आहे, असे दिसून येते.

कुळ आणि ठिकाण

आखूड पाय, गोल कान आणि बाहेरून न दिसणारी शेपूट यांमुळे पिका उंदरासारखा भासतो. परंतु तो कृंतक गणातला, म्हणजे उंदीर-खारींच्या गणातला नसून सशांच्या गणातला आहे. वरच्या जबड्यातील पुढच्या दातांच्या मागे दडलेली लहान दातांची दुसरी जोडी ही या गणाची खूण पिकातही आढळते. ऑकोटोना या एकाच प्रजातीत त्याच्या सुमारे तीस जाती मोडतात. त्यांपैकी दोन उत्तर अमेरिकेत असून बाकीच्या बहुतेक सर्व आशियातील पर्वत, पठारे आणि गवताळ प्रदेशांत आहेत. मोठ्या कानांच्या पिकाची नोंद तर ६,१३० मीटर उंचीवर झालेली आहे.

हिमालयात केदारनाथ-तुंगनाथच्या यात्रेला किंवा पदभ्रमंतीला जाणाऱ्या मराठी माणसांच्या वाटेवर दगडांच्या राशींतून क्षणभर डोकावून नाहीसा होणारा, उन्हाळ्यात डोक्या-खांद्यांवर तांबूस छटा धारण करणारा प्राणी बहुधा रॉयल पिका असतो. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन फोर्ब्स रॉयल यांचे नाव या जातीला १८३९ मध्ये देण्यात आले. लडाखच्या चांगथांग भागात लडाखी पिका आढळतो, तर पूर्वेकडे सिक्कीम पिका राहतो. तो दीर्घकाळ एका तिबेटी जातीची उपजाती समजला जात होता. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी जनुकीय पुराव्यांच्या आधारे ती स्वतंत्र जाती असल्याचे २०१६ मध्ये जाहीर केले. शरीराच्या ठेवणीत फारसा फरक नसताना वंशपरंपरा इतक्या वेगळ्या निघाव्यात, यावरून या प्राण्याविषयी अजून किती शोधायचे आहे याची कल्पना येते.

राहणीनुसार पिकांचे दोन ढोबळ गट पडतात. कडे ढासळून साचलेल्या दगडांच्या राशींत राहणारे पिका आपापली हद्द राखून असतात, त्यांना पिल्ले कमी होतात आणि आयुष्य तुलनेने दीर्घ असते. उलट मोकळ्या कुरणांत बिळे करून राहणारे पिका कुटुंबांनी राहतात, एका हंगामात अनेक वेळा वितात आणि अल्पायुषी असतात.

हिवाळ्याची तजवीज

उत्तर अमेरिकेतील पिका उन्हाळाभर गवत आणि फुलझाडे दातांनी कापून, तोंडात आडवी धरून, दगडांखालच्या जागेत आणून रचतो; शेतकऱ्याने कडब्याची गंजी रचावी तशी ही बेगमी असते. कोलोरॅडोतील नायवॉट रिज येथे डेनिस डिअरिंग यांनी केलेल्या अभ्यासातून या साठ्यामागची सूक्ष्म योजना उघड झाली. पिका उन्हाळ्यात ज्या वनस्पती खाण्याचे टाळतो, त्याच साठ्यात मोठ्या प्रमाणावर घालतो. त्या वनस्पतींत फिनॉल वर्गातील कडवट, अपायकारक रसायने भरपूर असतात. ती जिवाणूंची वाढ रोखतात, म्हणून साठा कुजत नाही, आणि पुढे काही महिन्यांत त्यांचे प्रमाण घटले की तोच पाला खाण्याजोगा होतो. विष हेच येथे टिकाऊपणाचे साधन ठरते. अन्नाचा शेवटचा अंशही वाया जाऊ नये म्हणून पिका सशाप्रमाणेच आपली मऊ विष्ठा पुन्हा खातो. मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या पिशवीवजा भागात जिवाणूंनी तयार केलेली प्रथिने आणि जीवनसत्त्वे त्याला अशा रीतीने मिळतात.

तिबेटच्या पठारावरील पिकाची रीत निराळी आहे. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो, गवत वाळून निःसत्त्व होते, आणि तरीही हा पिका मोठा साठा न करता जगतो. जॉन स्पीकमन आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, हा प्राणी हिवाळ्यात आपला दैनंदिन ऊर्जाखर्च सुमारे ३० टक्क्यांनी कमी करतो. त्यासाठी तो हालचाल घटवतो, शरीराचे तापमान किंचित उतरू देतो आणि चयापचयाची गती ठरवणाऱ्या थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरकही त्याच्या शरीरात कमी होते. याहून नवलाची गोष्ट म्हणजे तो याकचे शेण खातो. पिकांच्या जठरातील अन्नात याकचे डीएनए आढळल्याने ही बाब सिद्ध झाली. याकने अर्धवट पचवलेले, बिळाच्या तोंडाशी आयते पडलेले हे अन्न मिळवायला श्रम पडत नाहीत. पठारावरच्या विरळ हवेशीही त्याचे शरीर जुळलेले आहे : प्राणवायू कमी पडला की इतर सस्तन प्राण्यांच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावून हृदयावर ताण येतो; या पिकाच्या त्या रक्तवाहिन्यांच्या भिंती पातळ असून असे आकुंचन त्याच्यात फार थोडे होते.

दगडांखालचे हवामान

या सगळ्या सिद्धतेची दुसरी बाजू म्हणजे उष्णता न सोसण्याचा स्वभाव. अमेरिकी पिकाच्या शरीराचे तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअस असते आणि त्यात तीनेक अंशांची वाढही प्राणघातक ठरते. अँड्र्यू स्मिथ यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की आसरा न मिळालेला पिका २५ ते ३० अंशांच्या, माणसाला सुखद वाटणाऱ्या हवेतही काही तासांत दगावू शकतो. म्हणून त्याचे खरे घर म्हणजे दगडांच्या राशीतील पोकळ्या. तेथे रात्रीची थंड हवा साचून राहते, त्यामुळे भर दुपारीही आतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच कमी असते. हिवाळ्यात त्याच राशीवर बर्फाचा थर पसरला की तो पांघरुणाचे काम करतो आणि आतली थंडी शून्याच्या आसपास रोखून धरतो. हिमवर्षाव कमी झाला तर हे पांघरूणच नाहीसे होते. हवा तापत असताना पिका थंडीनेही मरू शकतो, हा विरोधाभास यातूनच निर्माण होतो.

अमेरिकेच्या ग्रेट बेसिन या कोरड्या प्रदेशात पूर्वी पिका नोंदवलेल्या २५ ठिकाणांची एरिक बीव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुन्हा पाहणी केली, तेव्हा सात ठिकाणांहून ते नाहीसे झाल्याचे आढळले. याउलट कॅलिफोर्नियातील बोडी या ओसाड खाणगावी, उष्ण व तुलनेने सखल जागी, खाणीतून उपसलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यांत पिका टिकून राहिले. उन्हाळ्यात दुपार टाळून ते सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात बाहेर पडतात. यावरून पिकाचे भवितव्य केवळ उंचीवर किंवा सरासरी तापमानावर नव्हे, तर थंडी धरून ठेवणारा निवारा शिल्लक आहे की नाही यावर ठरते, असे म्हणता येते.

कारण आणि परिणाम

निवाऱ्याचा हाच मुद्दा तिबेटच्या पठारावर वेगळ्या रूपात समोर येतो. पिका गवत खातात आणि जमीन पोखरतात, म्हणून कुरणे उजाड होतात, असे मानून चीनमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विशाल प्रदेशांत झिंक फॉस्फाइड आणि पुढे बोटुलिनम विष वापरून त्यांचा संहार करण्यात आला. परंतु मोकळ्या मैदानात शत्रू दुरून दिसावा यासाठी पिका आखूड गवताची जागा पसंत करतो. म्हणजे अतिचराईने उघड्या पडलेल्या कुरणात त्याची संख्या वाढणे हे बहुतेकदा ऱ्हासाचे लक्षण असते, कारण नव्हे. त्याची बिळे स्नोफिंच पक्ष्यांना घरट्यासाठी उपयोगी पडतात. तिबेटी खोकड, पॅलास मांजर, ससाणे आणि तपकिरी अस्वल यांच्या आहारात तो महत्त्वाचा आहे. स्मिथ आणि मॅक्सवेल विल्सन यांनी २०१५ मध्ये दाखवले की पिकांच्या वसाहती असलेल्या जमिनीत पाणी अधिक वेगाने मुरते, तर विष घातलेल्या जमिनीत ते कमी मुरते आणि वाहून जाण्याचा धोका वाढतो. ज्या पठारावर पीत नदी, यांगत्से आणि मेकाँग उगम पावतात, तेथे या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. अशा जातीला पर्यावरणशास्त्रात कळीची जाती म्हणतात, कारण ती हटली की तिच्यावर अवलंबून असलेली रचनाही ढासळते.

भारतीय हिमालयातील पिकांच्या बाबतीत अशी मोहीम झालेली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र धोके आहेतच. तापणारी हवा, अनियमित हिमवर्षाव, बुग्याळांवरील, म्हणजे वृक्षरेषेवरील कुरणांवरील, वाढती चराई आणि रस्ते व बांधकामांसाठी उचलले जाणारे दगड या सर्वांचा भार अखेर त्या निवाऱ्यावरच पडतो. पर्वतात नुसती पडून असलेली दगडांची रास निरुपयोगी जागा म्हणून मोजली जाते. तिची गणना जिवंत अधिवास म्हणून व्हायला हवी, आणि एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे चालणाऱ्या पाहण्यांना अल्पकाळाच्या प्रकल्पांइतकेच मोल मिळायला हवे. पिकाला वेगळे अन्न किंवा कुंपण घातलेले अभयारण्य लागत नाही; त्याची थंडी आणि त्याचे दगड त्याच्याकडे राहू दिले, तर उरलेली तजवीज तो लाखो वर्षांच्या सरावाने स्वतःच करतो.