पाचटाच्या धुरातलं क्विनोन : समज आणि वस्तुस्थिती

ऊसतोड संपली की राहुरी, नेवासा, श्रीरामपूरकडे संध्याकाळी पाचटाला काडी लागते. ‘शेतातलाच धूर, त्यानं काय होतंय?’ हे वाक्यही ठरलेलं. पण पाचट असो वा ट्रकचं डिझेल, ज्वलन अर्धवट झालं की काजळीच्या कणांवर क्विनोन नावाची रसायनं येतात.

मग क्विनोन म्हणजे विषच? तसंही नाही. मेंदीला रंग देणारं लॉसोन क्विनोनच, के जीवनसत्त्व त्याच कुळातलं. आपल्या पेशींत इलेक्ट्रॉनची ने-आण युबिक्विनोन करतं, उसाच्या हिरव्या पानात प्लास्टोक्विनोन. तिथे ही ने-आण ठरल्या वाटेनं चालते. धुरातून फुफ्फुसात आलेल्या फिनान्थ्रीनक्विनोनला असा धरबंध नसतो. ते पेशीतला एक इलेक्ट्रॉन उचलतं, सेमिक्विनोन होतं आणि तो ऑक्सिजनला देऊन मोकळं होतं. ऑक्सिजनचा सुपरऑक्साइड होतो, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड. जवळ लोहाचा अंश असला की हायड्रॉक्सिल रॅडिकल, जो चरबी, प्रथिनं, डीएनए, समोर येईल त्यावर तुटून पडतो. क्विनोन मात्र पुन्हा पहिल्यासारखं, पुढच्या फेरीला तयार. बाजारातल्या दलालासारखं : पदरचं काही जात नाही, व्यवहार होतच राहतात. खर्ची पडतो तो पेशीचा बचावसाठा, म्हणजे ग्लुटाथायोन, क जीवनसत्त्व.

म्हणून ‘पीएम २.५ मर्यादेत आहे ना, मग झालं’ हा दिलासा अर्धाच. घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ही आपली वार्षिक मर्यादा (जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५) फक्त वजन सांगते. तेवढ्याच वजनाची फुफाट्याची धूळ आणि डिझेलची काजळी सारखी नव्हे. कण किती इलेक्ट्रॉन पळवतात हे पाहायला प्रयोगशाळेत ते डीटीटी नावाच्या रसायनात मिसळतात आणि ते किती वेगानं संपतं ते मोजतात.

धूर विरल्यावरही काम थांबत नाही. नॅप्थलीनसारख्या वाफांपासून हवेतच नवी क्विनोन बनतात. तोंडावरच्या रुमालाच्या विणीतून बारीक कण सहज आत जातात. वाफांना तर तो अडवतच नाही.

‘जाळलं की राखेचं खत होतं’ हा सर्वांत महागडा समज. पालाश उरतं, नत्र आणि सेंद्रिय कर्ब बहुतेक धुरावाटे जातं. मजूर मिळत नाहीत तेव्हा काडीपेटी सोपी वाटते, हे खरं. तरी खोडव्यात पाचट सरीत दाबून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकलं, तर तेच पाचट रानातच खत होतं.