चार फुटांची अडचण

संपादकांनी पाठवलं होतं ई-कचऱ्याच्या संकलनावर लिहायला. पुण्यातल्या त्या शेडमध्ये जुने मॉनिटर, मिक्सर, वायरींची भेंडोळी असं पुष्कळ काही होतं. पण मी रेंगाळले ती कोपऱ्यातल्या टेबलापाशी. तिथे एक मावशी निकामी बॅटऱ्या आणि ट्यूबलाइट बांधत होत्या.

नियम सगळे आहेत. घरगुती घातक कचरा वेगळा द्यावा, हे 2016 च्या घनकचरा नियमांत आलं. बॅटऱ्यांसाठी 2022 मध्ये स्वतंत्र नियम आले. पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत मोडतात आणि त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कागदावर साखळी पूर्ण आहे. तिची पहिली कडी मात्र या टेबलावर, चिकटपट्टीने जोडली जाते.

मावशींनी टेबलावर चिकटपट्टी उलटी पसरली, तिच्यावर बटण सेल बोटभर अंतराने मांडले आणि वरून दुसरी पट्टी दाबली. सुटे सेल बरणीत एकमेकांना टेकले की शॉर्ट होतात, तापतात. चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. एखादी किल्ली किंवा खिळा आडवा पडला तरी पुरे. "घड्याळ बंद पडलं म्हणजे सेल मेला असं नसतं," मावशी म्हणाल्या. त्यात थोडी वीज उरलेली असतेच. मोबाइलची फुगलेली बॅटरी त्या कुणाला हात लावू देत नाहीत. ती टोचायची नाही, दाबायची नाही. कोरड्या वाळूच्या बादलीत एकटी ठेवायची आणि बादली पुठ्ठ्यांपासून लांब. लिथियमची बॅटरी दबली, फुटली की स्वतःच पेटते, आणि कचऱ्याच्या गाडीत ती दाबलीच जाते.

ट्यूबची गोष्ट निराळी. तिच्यात पारा असतो काही मिलिग्रॅमच, पण तो साध्या हवेतही उडतो. घरात एखादी फुटली तर खिडक्या उघडायच्या, पंखा बंद करायचा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबायचं. झाडू फिरवायचा नाही, नाहीतर पांढरी भुकटी खोलीभर होते. काचा जाड पुठ्ठ्याने उचलायच्या, उरलेली भुकटी ओल्या कागदाने टिपायची आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरायचं. हे झालं एका ट्यूबचं. जिथे दिवसभर अशा कचऱ्याची पोती रिकामी होतात, तिथल्या माणसाच्या श्वासात किती जात असेल?

खरी अडचण लांबीची आहे. चार फुटांची ट्यूब मावेल असा खोका घरात नसतो. लोक दोन-तीन ट्यूब सुतळीने आवळून आणतात आणि गाठीपाशीच काच तडकते. काही जण तर घंटागाडीत मावावी म्हणून आधीच फोडतात. उपाय इतका जवळचा आहे की चुटपुट लागते: नवी ट्यूब ज्या पुठ्ठ्याच्या नळीतून येते, तिच्यातच जुनी घालून द्यायची. पण ती नळी वायरमन शिडीवरून उतरण्याआधीच केरात गेलेली असते.

आता एलईडी आले. 2015 च्या उजाला योजनेपासून ते घरोघर पोचले, त्यांच्यात पारा नाही. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या 2023 च्या बैठकीत ठरल्याप्रमाणे 2027 अखेरपर्यंत फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबायची आहे. म्हणजे शाळा, कचेऱ्या, जिने, गोदामं यांतल्या जुन्या ट्यूब येत्या काही वर्षांत एकदम खाली उतरतील. त्यांना भंगारात भाव नाही. तांब्याची वायर भंगारवाला दारात येऊन नेतो, ट्यूब फुकटही नेत नाही. हवेशीर जागा, लांब खोके, हळू चालवणारा टेम्पो, पारा वेगळा काढणाऱ्या कारखान्यापर्यंतचं भाडं, सगळा खर्चच.

आणि मजुरी. कचरावेचकाची कमाई भंगाराच्या वजनावर असते. सेलची एक पट्टी चिकटवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पुठ्ठ्याचा चांगला गठ्ठा बांधून होतो, आणि पुठ्ठ्याला पैसे मिळतात. मावशी हे काम करतात कारण बॅटरीने लागलेली आग त्यांनी पाहिली आहे. सगळ्यांनी ती पाहीपर्यंत थांबायचं का? उत्पादकांकडून जो पैसा यायचा, त्यात नगामागे बांधणीचा दर धरला पाहिजे: प्रत्येक अखंड ट्यूबला, टोकं झाकलेल्या प्रत्येक सेलला. आणि तो थेट बांधणाऱ्याच्या हातात पडला पाहिजे.