शर्विलकाला जादू किती द्यावी?

रोलप्लेइंग गेम म्हणजे चारपाच जणांनी टेबलाभोवती बसून तोंडी रचत नेलेली गोष्ट. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो, गेममास्टर जग उभं करतो आणि पात्राचा बेत साधला की फसला हे फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत आला तेव्हा त्यात चोराचं स्वतंत्र पात्र नव्हतं. १९७५ मध्ये चोर आला आणि त्याच वर्षी डोळ्यांना भूल घालणारा मायावीही आला. १९७८ च्या नियमपुस्तकात ग्नोम या बुटक्या जमातीच्या पात्राला दोन्ही विद्या एकत्र घेण्याची मुभा मिळाली. आज ‘आर्केन ट्रिकस्टर’ या नावाने खेळला जाणारा चोर याच घराण्यातला. तो निवडणाऱ्या नवख्या खेळाडूला सगळ्यात जास्त उत्सुकता असते ती मंत्र किती मिळणार याची. माझ्या मते मंत्र जितके कमी, तितका हा चोर कसदार होतो. याचा पुरावा मराठी नाट्यरसिकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘संगीत मृच्छकटिक’ रंगभूमीवर आणलं, आणि शूद्रकाच्या संस्कृत नाटकातला चोर शर्विलक मराठीत बोलू लागला.

मूळ नाटकाच्या तिसऱ्या अंकात नायक चारुदत्ताच्या घरी त्याने केलेली चोरी बारकाईने पाहावी. त्याच्याजवळ जादू आहे. गुरूने दिलेली योगरोचना अंगाला लावली की पहारेकऱ्यांना तो दिसत नाही आणि शस्त्राची जखमही होत नाही. पण एवढं वरदान असलेला माणूस सगळा वेळ घालवतो तो कारागिरीत. पाणी मुरून कुठली भिंत भुसभुशीत झाली आहे ते तो शोधतो. मोजायची दोरी विसरली म्हणून जानव्याने माप घेतो आणि पक्क्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभाच्या आकाराचं भोक शोभेल असं ठरवतो. आत आधी माणसाचा पुतळा सरकवून पाहतो. दार करकरू नये म्हणून पाणी शिंपडतो. झोपलेले खरंच झोपलेत की सोंग घेताहेत, हे श्वासाच्या लयीवरून आणि तोंडावर दिवा धरून तपासतो. मंतरलेलं बी जमिनीवर टाकलं तर ते फुगत नाही, म्हणजे पुरलेलं धन नाही. शेवटी दागिने हाती येतात तेही मंत्राने नाहीत. चारुदत्ताचा मित्र मैत्रेय झोपेत बरळतो, शपथ घालतो आणि डबा आपणहून त्याच्या हातात देतो. शूद्रकाची ही जागा मला अतिशय मोलाची वाटते, कारण समोरच्याच्या मनात जे चाललं आहे त्याचा उपयोग करून घेणं, हीच मायावी चोराची खरी विद्या.

यावर कुणी म्हणेल की कल्पनेच्या खेळात हात आखडता का घ्यावा? कारण भ्रमाची ताकद पाहणाऱ्याच्या समजुतीत असते. अलीकडच्या नियमांत खोट्या चित्राला हात लावला की तो आरपार जातो आणि लबाडी उघडी पडते. नुसतं निरखून पाहणाऱ्यालाही फाशाच्या जोरावर ती ओळखता येते. म्हणून पहारेकऱ्याला कशाची भीती आहे, तो कशाची वाट पाहतो आहे, हे खेळाडूला आधी ताडावं लागतं. प्रत्येक भ्रम हमखास चालला तर ताडण्याची गरजच संपते, आणि बाकीचे खेळाडू हात बांधून बसतात.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही: चोराला नायक करून मुलं काय शिकणार? शूद्रकाने हा प्रश्न टाळलेला नाही. शर्विलक चोरी करतो प्रेयसी मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी, पण दागिने निघतात तिच्याच मालकिणीचे, वसंतसेनेचे. इकडे ती ठेव गमावलेल्या चारुदत्ताची अब्रू राखायला त्याच्या पत्नीला, धूतेला, स्वतःची रत्नमाला द्यावी लागते. चांगला गेममास्टरही असाच हिशेब ठेवतो. चोरलेल्या वस्तूला मालक असतो आणि तो पुढच्या बैठकीत दारात उभा राहतो. हे न करणाऱ्या खेळावर मात्र पालकांचा राग रास्त आहे.

परदेशी खेळात शर्विलकाला ओढून आणणं काहींना कृत्रिम वाटेल. पण गायगॅक्स यांनीही फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स अशा लेखकांचं ऋण मान्य केलं होतं. वाचलेल्या गोष्टींतून पात्रं घडवणं ही या खेळाची मूळचीच रीत आहे. आपल्याकडे तर सामग्री भरपूर आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. त्याच राजाच्या दरबाराशी ‘उदयसुंदरीकथा’ लिहिणारा सोड्ढल जोडलेला होता. त्याच शतकात काश्मिरात सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, आणि त्यात तोंडात गोळी धरायला देऊन पुरुषाची स्त्री करणारा धूर्त मूलदेव आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या खेळाडूंनी हा काळ घेऊन डाव मांडावा. समजा, चोर पाठलाग चुकवत देवळात शिरला. गाभारा सभामंडपाच्या बराच खाली, पायऱ्या उतरून जायचा. आजच्यासारखंच तेव्हाही वर उघडं आकाश होतं असं धरलं, तर उजेड थेट आत येतो आणि दिवा विझवून भागत नाही. बाहेरच्या भिंतीवर मूर्तींची दाटी आहे. तिथे स्वतःवर दगडी मूर्तीचा भ्रम पांघरून उभं राहिलं तर परगावच्या शिपायाला काही वेगळं जाणवणार नाही, पण रोज प्रदक्षिणा घालणाऱ्या पुजाऱ्याला एक मूर्ती जास्त असल्याचं लगेच कळेल. म्हणून मंत्र म्हणण्याआधी खेळाडूने गेममास्टरला विचारायला हवं, की मागून येतंय कोण?